ट्रकचा डिझेल पंप : झीज कोणती, टायमिंग कोणते?



ऊस विकास विभागाकडून आपल्याला बेणे, खोडवा, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांवर वाचायची सवय आहे. या अंकात आम्ही ट्रकच्या डिझेल पंपावर लिहीत आहोत. शेतीचा डिप्लोमा झालेल्या माणसाने पंपाचे काय सांगावे, असे कुणी म्हटले तर त्यात वावगे नाही. आमचे या विषयातले शिक्षण गॅरेजच्या फळीवर बसून, फिटर मंडळींना प्रश्न विचारून झाले आहे. परंतु तोडलेला ऊस ज्या गाडीत भरला आहे ती गाडी चढावर धाप टाकून उभी राहिली, तर तो प्रश्न गाडीवाल्याचा एकट्याचा राहत नाही. तो ऊस उत्पादकाचा आणि कारखान्याचाही होतो, म्हणून हा प्रपंच.

ऊस तुटला की त्याच्यात दोन गोष्टी सुरू होतात. एक, पाणी उडून वजन घटते. दुसरी, कांड्यातली साखर फुटून तिची ग्लुकोज व फ्रुक्टोज होते आणि ही साखर पुन्हा दाणा धरत नाही. म्हणून तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे आपण नेहमी सांगतो. वजनाची घट काट्यावर ज्याच्या नावाची पावती फाटते त्याच्या खिशातून जाते. उताऱ्याची घट सगळ्यांच्या खिशातून जाते, कारण एफआरपी उताऱ्यावर ठरते. नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत एक दिवस उशीर झाला तर एक वेळ चालून जाते. मार्चनंतर परभणीच्या उन्हात तेवढाच उशीर फार महाग पडतो, आणि जुन्या गाड्या नेमक्या त्याच दिवसांत जास्त कुरकुरतात. ते का, हे पुढे येईल.

चाटोरी, बनवस, पेठशिवणी या बाजूंनी भरून येणाऱ्या गाड्यांत यांत्रिक पंपाचे जुने ट्रक अजून दिसतात. काही तर आपल्याच सभासदांच्या मुलांनी जुन्या बाजारातून आणलेले आहेत. नव्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक पद्धतीचा कॉमन रेल पंप असतो. त्याचा दाब हजार बारच्या कितीतरी वर जातो आणि त्याचे टायमिंग संगणक ठरवतो. पुढे जे सांगितले आहे त्यातले काहीही त्या गाड्यांवर करू नये. हा लेख जुन्या, लांबोळक्या, एका ओळीत सहा नळ्या असलेल्या पंपाविषयी आहे.

पंप नेमके करतो काय?

पेरणी करताना चाड्यावर मूठ धरणारा माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या मुठीतून दर पावलाला सारखेच बी पडले पाहिजे. पण मूठ कितीही चांगली असली, तरी वाफसा निघून गेल्यावर पेरले तर उगवण धड होत नाही. डिझेल पंपाची कामे अशीच दोन आहेत. प्रत्येक सिलिंडरला मोजून डिझेल देणे, ही मूठ. ते नेमक्या क्षणी देणे, हा वाफसा. पंपाबद्दल जेवढे गैरसमज आमच्या कानावर आले, त्यातले बहुतेक या दोहोंची गल्लत केल्यामुळे झालेले आहेत.

मूठ केवढी असते पाहा. जुन्या टाटा ट्रकचे सहा सिलिंडरचे ६९७ जातीचे इंजिन साधारण ५.७ लिटरचे. गाडी भरून ओढत असताना एका सिलिंडरला एका वेळी मिळणारे डिझेल एका लहान थेंबाएवढे, म्हणजे सुमारे ५० घन मिलिमीटर असते. इंजिन मिनिटाला २००० फेरे फिरत असेल तर पंप त्याच्या निम्म्याने, १००० फेरे फिरतो. म्हणजे प्रत्येक सिलिंडरला सेकंदाला सोळा-सतरा वेळा हा थेंब मोजून द्यायचा. तोही नुसता सोडायचा नाही. थेट फवाऱ्याच्या जुन्या इंजिनात नोझल सुमारे २०० बार दाबाला उघडते. मोटारीच्या टायरात हवा दोन-अडीच बार असते, एवढ्यावरून अंदाज यावा.

आता वाफसा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. पण पेटायला क्षणभर लागतो. म्हणून पिस्टन अगदी वर पोचण्याच्या थोडे आधी फवारा सुरू व्हावा लागतो. हा ‘थोडे आधी’ अंशात मोजतात. जुन्या ट्रकांत तो साधारण वीस अंशांच्या आगेमागे असतो. नेमका आकडा प्रत्येक इंजिनाच्या पुस्तकात दिलेला आहे आणि तोच धरावा, शेजारच्या गाडीचा धरू नये. २००० फेऱ्यांना एक अंश म्हणजे सेकंदाचा बारा हजारावा भाग. इतक्या बारीक वेळेचा हा हिशेब आहे.

हा थेंब मोजणारी जोडी म्हणजे प्लंजर आणि त्याचे बॅरल. गॅरेजमध्ये दोहोंना मिळून एलिमेंट म्हणतात. कॅम प्लंजरला खालून वर ढकलतो. प्लंजरची वरची कड बॅरलमधले भोक झाकते त्या क्षणी दाब चढू लागतो, म्हणजे फवाऱ्याची सुरुवात. प्लंजरच्या अंगावर तिरकी खाच असते. ती खाच भोकाशी आली की दाब सुटतो, म्हणजे शेवट. ॲक्सिलरेटर दाबला की रॅक सरकतो, रॅक प्लंजरला फिरवतो, आणि तिरकी खाच भोकाशी लवकर किंवा उशिरा येते. मूठ अशी लहान-मोठी होते. सुरुवातीचा क्षण मात्र रॅकमुळे बदलत नाही. हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे, पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन जर्मनीत आउग्सबुर्ग येथे १८९७ साली यशस्वी झाले. त्यात इंधन दाबलेल्या हवेच्या झोताने आत ढकलत असत. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे, आणि असले धूड मालमोटारीत बसणे कठीण होते. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२७ मध्ये हा लहान पंप मोठ्या प्रमाणावर काढला आणि डिझेल ट्रकचा रस्ता मोकळा झाला. आपल्याकडे टेल्कोने डायम्लर-बेंझशी करार करून १९५४ पासून जमशेदपूरला ट्रक बांधले. बॉशच्याच सहकार्याने १९५१ मध्ये बंगळूरला मायको कंपनी निघाली. २००८ पासून तिचे नाव बॉश लिमिटेड आहे. तिचा एक कारखाना आपल्या नाशिकला सातपूरला आहे, नोझल-इंजेक्टरचे काम तिथलेच. जुन्या मिस्त्रींच्या तोंडी अजूनही पंप म्हणजे ‘मायको’च.

झीज कुठे आणि कशाने होते

प्लंजर आणि बॅरल यांच्यामध्ये फट असते ती दोन ते चार मायक्रॉनची. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस पन्नास-साठ मायक्रॉन जाड असतो. इतक्या फटीला वॉशर बसत नाही, की रबराची रिंग बसत नाही. दोन धातू एकमेकांत घासून बसवलेले असतात, आणि मधले वंगण म्हणजे खुद्द डिझेलच. म्हणून ही जोडी कधी एकमेकांत बदलत नाहीत. एका बॅरलचा प्लंजर दुसऱ्यात घातला की दोन्ही बाद झाले म्हणून समजावे.

आता आपल्या रानातला फुफाटा आठवा. काळ्या मातीची मार्चमधली धूळ पीठासारखी बारीक असते. पत्र्याच्या डब्यातून, चाळणी नसलेल्या नरसाळ्याने डिझेल टाकीत ओतताना ही धूळ सोबत जाते. फिल्टर वेळेवर बदलला नाही, किंवा स्वस्तातला भलताच बसवला, तर ती पंपात पोचते आणि प्लंजरच्या वरच्या कडेला, भोकासमोर, उभे ओरखडे काढते. दुसरा शत्रू पाणी. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड होते, आतल्या हवेतली वाफ घाम धरते, पाणी तळाला बसते. पंपात गेल्यावर त्याचा गंज होतो. गाडी हंगाम संपल्यावर चार-सहा महिने लिंबाखाली उभी राहिली, तर पंपाचे नुकसान चालत्या गाडीपेक्षा जास्त होते, असे कारागीर सांगतात, आणि त्यांच्या टेबलावरचे गंजलेले प्लंजर पाहून आम्हाला ते पटले. तिसरी गोष्ट रॉकेलची भेसळ. रॉकेल पातळ, त्याला वंगणाचा गुण कमी. चार पैसे वाचवायला टाकलेले रॉकेल प्लंजर आणि नोझल दोन्ही खाते.

झिजणारी जागा केवळ प्लंजर नाही. डिलिव्हरी व्हॉल्व्हची गादी झिजली तर फवारा संपल्यावर नळीतला दाब झटकन उतरत नाही, नोझल मागाहून थेंब गाळते, आणि तो थेंब काळ्या धुराच्या रूपाने बाहेर येतो. कॅम, टॅपेटचे रोलर, टायमिंग गिअरचे दात, कपलिंग यांची झीज मात्र वेगळ्या जातीची. तिच्यामुळे प्लंजर उशिरा वर येतो. म्हणजे मूठ तीच राहते, वाफसा हुकतो. काही पंपांना वेगानुसार टायमिंग पुढे घेणारा वजनांचा भाग असतो. तो भाग नीट काम करेनासा झाला तर हळू चालताना गाडी ठीक आणि वेगात मेल्यासारखी, असे होते.

उन्हाळ्यात गाडी का रुसते

सकाळी गाडी एका झटक्यात सुरू होते. दुपारी कारखान्याच्या यार्डात नंबर लावून तासभर उभी केली, की नंतर स्टार्टर फिरतो, फिरतो, बॅटरी बसते, पण इंजिन पेटत नाही. मग दहा माणसे ढकलायला. ड्रायव्हर म्हणतो बॅटरी गेली. पुष्कळदा बॅटरी चांगली असते. गरम डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या प्लंजरच्या बाजूने निसटते. स्टार्टरवर इंजिन फार हळू फिरते, तेवढ्या वेळात सगळा दाब गळून जातो आणि नोझल उघडतच नाही. एकदा सुरू झाले की वेगामुळे गळती भरून निघते, म्हणून गाडी पुढे बरी चालते. थंड असताना सुरू होणारी आणि तापल्यावर न होणारी गाडी ही प्लंजर झिजल्याची मोठी खूण आहे.

हे तपासायला मिस्त्री एक साधी युक्ती करतात. बंद इंजिनाच्या पंपावर ओले गोणपाट टाकायचे आणि पंधरा-वीस मिनिटे थांबायचे. पंप गार झाल्यावर गाडी सुरू झाली, तर दुखणे बहुतेक पंपातच आहे. मात्र चालू इंजिनाच्या तापलेल्या पंपावर पाण्याची बादली ओतू नये. बॅरल आकसून प्लंजर धरतो. प्लंजर धरला की रॅक अडकतो, आणि रॅक अडकला तर इंजिन बंदच होत नाही, उलट सुसाट सुटते.

दुसरी खूण पंपाच्या तेलात सापडते. ज्या पंपाला स्वतःचे ऑईल असते त्याची काडी काढून पाहावी. ऑईल कमी होण्याऐवजी वाढले असेल आणि हाताला पाण्यासारखे लागत असेल, तर प्लंजरवरून डिझेल खाली गळत आहे. कधी हा दोष फीड पंपाचाही असतो. ज्या पंपाला इंजिनाचेच ऑईल मिळते, तिथे इंजिनाचे ऑईल पातळ होते आणि बेअरिंगांवर बेतते.

उशिरा टायमिंगची लक्षणे वेगळी. गाडी थंड असो वा गरम, ओढत नाही. सुरू करताना पांढरा धूर येतो, भरल्या गाडीला काळा. सायलेन्सर फार तापतो, कारण डिझेल पिस्टन खाली निघाल्यावर जळत राहते. रेडिएटर उकळतो. टायमिंग फार लवकर असेल तर उलट. धूर कमी दिसतो, ड्रायव्हर खूश होतो, पण इंजिन आतून हातोडीने ठोकल्यासारखे वाजते. तो ठोका पिस्टन, रिंगा आणि हेड गॅस्केट यांच्यावर बसत असतो.

आणि काळा धूर दिसला की लगेच पंपावर संशय घेऊ नये, हेही सांगितले पाहिजे. आमच्या पाहण्यातल्या एका गाडीचे सांगतो. नदीकडून वर येणाऱ्या चढाला काळा धूर, दुसऱ्या गिअरलाही दम नाही. कुणीतरी टायमिंग जरा पुढे घेतले. थोडा फरक वाटला, म्हणून आणखी पुढे घेतले. इंजिन वाजू लागले, तर ‘दणकट आवाज आला’ म्हणून समाधान. फेब्रुवारीत हेड गॅस्केट उडाले आणि भरलेली गाडी दोन दिवस रस्त्याच्या कडेला उभी राहिली. उसाचे काय झाले ते सांगायला नको. खोलल्यावर सापडले काय? एअर फिल्टरमध्ये पाचटाचा भुसा कोंबल्यासारखा बसलेला आणि दोन नोझल थेंब गाळणारे. पंप ठीक होता. टायमिंगही मुळात ठीकच होते.

म्हणून पंपाला हात लावण्याआधी हवेची वाट मोकळी आहे का ते पाहा. मग डिझेलचे दोन्ही फिल्टर, टाकीतले पाणी, नळीत कुठे हवा ओढली जाते का, ते पाहा. टॅपेटची फट फिलर गेजने मोजा. मग नोझल. इंजिन हळू चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट थोडा सैल करायचा. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की इंजिनाचा आवाज पडतो. ज्याचा नट सैल करूनही काही फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. त्याचा इंजेक्टर शेजारच्याशी बदलून पाहा. दोष इंजेक्टरबरोबर सरकला तर इंजेक्टर, जागेवरच राहिला तर पंप किंवा कॉम्प्रेशन. नट सैल करताना तोंड दूर ठेवा आणि वर फडके धरा.

इथे एक धोक्याची सूचना. नोझलचा फवारा कातडीतून सुईसारखा आत घुसतो. जखम टोचल्यासारखी दिसते, रक्तही फारसे येत नाही, म्हणून माणूस चोळून कामाला लागतो. आत गेलेले डिझेल मांस कुजवते आणि उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागतो. नोझल तपासताना फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये. लागलेच तर दुखण्याची वाट न पाहता त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात जावे आणि ‘दाबाने डिझेल आत गेले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

सील तोडून स्क्रू फिरवणे

पंपावर एक सीलबंद स्क्रू असतो. जास्तीत जास्त मूठ किती, ते त्यावर ठरते. गाडी ओढेना की सील तोडून हा स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा, याला ‘पंप वाढवणे’ म्हणतात. वाढवल्यावर दोन-चार दिवस गाडी खरेच जोरात चालते, म्हणून ही खोड जात नाही. पण झिजलेल्या सहा प्लंजरांतून सहा जण सारखे झिजलेले नसतात. जो कमी झिजला आहे त्याला डिझेल जास्तच मिळते आणि तो पिस्टन जळतो. जो जास्त झिजला आहे तो तसाच उपाशी. आणि टायमिंग उशिरा असेल तर वाढवलेले डिझेल जाळायला वेळच उरत नाही. मूठ वाढवून गेलेला वाफसा परत येत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पैशाचा हिशेब मांडून पाहू. समजा, भरली-रिकामी मिळून गाडी लिटरला ४ किलोमीटर देत होती, ती साडेतीनवर आली. दिवसाला १२० किलोमीटर धरले, तर ३० लिटरच्या जागी ३४ लिटरहून थोडे जास्त डिझेल लागते. हंगाम १२० दिवसांचा धरला तर जादा डिझेल पाचशे लिटरच्या वर जाते. यात अडकलेल्या खेपा आणि तोंडाशी बसून राहिलेली टोळी धरलेली नाही.

झीज की टायमिंग, हे ओळखायची नळी

टायमिंग तपासायची जुनी रीत फार सोपी आहे आणि आमच्या मते फार हुशारीची. हे काम जाणत्या मिस्त्रीनेच करावे, पण गाडीमालकाने शेजारी उभे राहून पाहावे.

गाडी सपाट जागी, चाकांना दगड लावून, गिअर न्यूट्रलला. पंप आणि नळ्या बाहेरून डिझेलने धुऊन घ्यायच्या, नाहीतर उघडल्यावर माती आत. एक नंबरचा सिलिंडर कॉम्प्रेशनला वर आणायचा. सहा सिलिंडरच्या टाटा इंजिनाचा पेटण्याचा क्रम १-५-३-६-२-४ असतो. एक नंबर कॉम्प्रेशनला वर असतो तेव्हा सहा नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह जागा बदलत असतात, त्यावरून खात्री होते. मग पंपाच्या एक नंबरची नळी काढायची. डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि त्याची स्प्रिंग काढून स्वच्छ वाटीत डिझेलमध्ये ठेवायची. होल्डर परत लावून त्यावर बगळ्याच्या मानेसारखी वाकवलेली बारीक नळी बसवायची. स्टॉपचा लिव्हर चालू बाजूला आणि रॅक पुस्तकात सांगितलेल्या जागी. इंजिन थोडे उलटे, खुणेच्या बरेच मागे न्यायचे. हँड प्रायमर मारला की नळीतून डिझेलची धार लागते.

आता इंजिन हाताने, त्याच्या फिरण्याच्या दिशेने, हळूहळू फिरवायचे. प्लंजर वर येतो, भोक झाकू लागतो, धार बारीक होते, मग थेंब पडू लागतात, आणि थेंब तुटतो. त्या जागी थांबायचे. हीच फवाऱ्याची सुरुवात. आता फ्लायव्हीलवरची किंवा पुलीवरची खूण पाहायची. खुणेच्या पुढे गेलात तर तेवढेच मागे घेऊन चालत नाही. गिअरच्या दातांत ढिलाई असते. पुन्हा बरेच मागे जाऊन पुढे यायचे. इंजिनावर अंशांच्या खुणा पुसल्या असतील तर हिशेब करता येतो. २०० मिलिमीटर व्यासाच्या पुलीचा घेर ६२८ मिलिमीटर, म्हणजे एक अंश सुमारे पावणेदोन मिलिमीटर. खडूची जाड रेघच एक-दोन अंश खाऊन टाकते, म्हणून खूण पोलादी सुईने करावी.

थेंब स्वच्छ तुटला, पण खुणेच्या आधी किंवा नंतर तुटला, तर पंपाचे हे एलिमेंट बरे आहे आणि टायमिंग सरकले आहे. थेंब तुटतच नाही, फिरवाल तिकडे ओघळ चालूच राहतो, तर होल्डरखालचे वॉशर एकदा पाहून घ्यावे. ते ठीक असेल तर प्लंजर झिजला आहे आणि कितीही टायमिंग फिरवले तरी उपयोग नाही. पंप उतरवून दुकानात नेणे हाच मार्ग. एका वाकड्या नळीने हा निवाडा होतो. पंपाचा खर्च करायचा की नाही, हे त्यावरून ठरवावे. काळा धूर पाहून ठरवू नये.

टायमिंग सरकले असेल तर फ्लँजने बसवलेल्या पंपाचे नट सैल करून पंपाचे अंग फिरवतात. पंपाचा शाफ्ट ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट अंग फिरवले की टायमिंग लवकर येते, त्याच दिशेने फिरवले की उशिरा. कपलिंगच्या पंपात कपलिंगचे बोल्ट सैल करून शाफ्ट सरकवतात. शाफ्ट त्याच्या फिरण्याच्या दिशेने पुढे नेला की टायमिंग लवकर. बसवल्यावर नळीची तपासणी पुन्हा करावी. घट्ट करताना पंप हमखास थोडा सरकतो. दोनदा सारखी जागा आली तरच सोडावे. डिलिव्हरी व्हॉल्व्ह परत घालून होल्डर टॉर्क पान्यानेच, पुस्तकातल्या आकड्याला घट्ट करावा. टॉमी लावून अंगाच्या जोराने आवळला तर बॅरल वाकते, प्लंजर अडकतो, आणि वर सांगितलेला सुसाट इंजिनाचा प्रसंग ओढवतो. शेवटी हवा काढून इंजिन पहिल्यांदा सुरू करताना स्टॉपच्या लिव्हरजवळ एक माणूस उभा ठेवावा.

पंपाच्या दुकानात काय मागावे

ही नळी फक्त एक नंबरचे सांगते. बाकीचे पाच एक नंबरला धरून, पंपाच्या शाफ्टच्या साठ-साठ अंशांवर सुरू व्हावे लागतात. ते जुळवणे गाडीवर होत नाही, बेंचवरच होते. म्हणून एक नंबरची खूण बरोबर असूनही इंजिन लंगडत असेल तर पंप बेंचवर गेलाच पाहिजे. बेंचवर सहा काचेच्या नळ्या असतात. पंप ठराविक फेरे फिरवला की सहाही नळ्यांत सारखे डिझेल आले पाहिजे. हे काम चालू असताना गाडीमालकाने तिथे उभे राहावे. कारागिराला राग येत नाही, चांगल्या कारागिराला तर आनंद होतो. हळू वेगाला, पूर्ण वेगाला आणि स्टार्टरच्या वेगाला असे तिन्ही आकडे कागदावर लिहून घ्यावेत. स्टार्टरच्या वेगाचा आकडा पुष्कळ जण विसरतात, आणि दुपारी यार्डात गाडी सुरू होईल की नाही ते त्याच आकड्यात असते.

बदललेले जुने एलिमेंट आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह परत मागून घ्यावेत. प्लंजरची वरची कड उजेडात धरून पाहिली तर भोकासमोरचा भाग दुधासारखा निस्तेज दिसतो आणि नखाला ओरखडे लागतात. तसे काहीच दिसत नसेल तर का बदलले, हे विचारायला हरकत नाही. सहांपैकी दोनच बदलून काम उरकू नये. नव्याची आणि झिजलेल्याची मूठ एका वेगाला जुळवता येते, दुसऱ्या वेगाला ती पुन्हा फुटते. नोझल त्याच वेळी दाबाला लावून घ्यावेत. नव्या पंपावर जुने गळके नोझल म्हणजे निवडक बी फुटक्या चाड्यातून पेरणे. पंपाला नवे सील लावून घ्यावे, आणि ते हंगामभर कुणी तोडले नाही यावर मालकाने स्वतः नजर ठेवावी.

हे सगळे करायचा काळ म्हणजे पोळा ते दसरा. दसऱ्यानंतर टोळ्या उतरू लागतात, दुकानांत पंपांची रांग लागते आणि कारागिराला सहा नळ्या निवांत पाहायला वेळ राहत नाही. हंगामात मग रोज संध्याकाळी टाकी भरून गाडी उभी करावी, म्हणजे घाम धरायला आत जागा उरत नाही. फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू आठवड्यातून एकदा सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत गळू द्यावे. फडातून पाचट उडत असते त्या दिवसांत एअर फिल्टर दर खेपेला नाही तरी रोज पाहावा. तेलाच्या भांड्याचा फिल्टर असेल तर त्यातले तेल चिखलासारखे होण्याची वाट पाहू नये.

पेठशिवणीकडच्या एका तरुण गाडीमालकाने आम्हाला विचारले होते की, गाडी एवढी जुनी, तिच्यावर पंपाचा खर्च करावा की विकून टाकावी? आमचे उत्तर असे की, आधी कॉम्प्रेशन मोजून घ्या. सहाही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन पुस्तकातल्या आकड्याजवळ आणि एकमेकांशी जुळते असेल तर पंपाचा खर्च निघतो. रिंगा-लायनरच गेले असतील, निळा धूर येत असेल, तर नवा पंप बसवूनही चढावर तीच रड राहील. तसल्या इंजिनावर आधी पंपाचे पैसे घालू नयेत.